पोदेस्तानं कुणाकडे जेवू नये

वाळवंटातल्या चँडलरमध्ये मी तीसेक वर्षं काढली. तिथलं ऊन असं, की पॅटिओत पापड वाळत घातले तर संध्याकाळी तळलेलेच उचलायचे. अंगणातल्या निवडुंगानं एकदा माझ्याकडे पाणी मागितलं होतं. ही गोष्ट मी जितक्यांदा सांगितली तितक्यांदा माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "मागितलं नव्हतं, यांनीच ओतलं आणि तो कुजला!" लोक दोनदा हसायचे, एकदा माझ्या थापेला आणि एकदा तिच्या दुरुस्तीला. आमचा जोडधंदाच होता तो. मी फुगवायचो, ती टाचणी लावायची, आणि पाहुण्यांना खरं काय ते मधल्या मध्ये कळायचं.

मग ती गेली. आजार कळला आणि गेली, मध्ये फारसं काही घडलंच नाही. घर विकून मी फ्रीमाँटला मुलाकडे आलो.

मुलगा-सून चांगली आहेत, हे आधीच लिहून ठेवतो, कारण दोघांनाही मराठी वाचता येतं. टाउनहाउस तीन मजली आहे, माझ्या गुडघ्यांच्या हिशोबानं अकरा मजली. जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर सुनेचे दोन मॉनिटर आणि मुलाचा एक. ज्याला भूक लागेल तो आपला बाऊल भरून आपल्या मजल्यावर जातो. नातीला हाक मारली की वरून उत्तर येतं, "आजोबा, आय ऑलरेडी एट." त्यामुळे मी किचनच्या कट्ट्याशी उभा राहून एकटा जेवायला लागलो. एकट्या माणसाला जेवताना स्वतःच्या जबड्याचा आवाज ऐकू येतो, हे मला सत्तरी गाठल्यावर कळलं. तेवढ्यापुरता फ्रीजसुद्धा मुद्दाम गप्प बसतो. भूक राक्षसासारखी लागायची आणि घास उतरायचा नाही. मी इतका वाळलो की गाडीचा पट्टा माझ्याभोवती दोन वेढे घ्यायचा.

अशात मला मराठी मंडळ सापडलं.

मंडळातल्या लोकांना नवा माणूस हवा असतो, कारण जुन्यांच्या गोष्टी पाठ झालेल्या असतात. शनिवारी एकाकडे, रविवारी दुसऱ्याकडे, असं माझं सुरू झालं. कीर्तनकाराला बिदागी, तशी मला थालीपिठं. निवडुंगाची गोष्ट मी फ्रीमाँटच्या प्रत्येक गल्लीत सांगितली आणि तिच्या बदल्यात भरल्या वांग्यांपासून आंबोळ्यांपर्यंत सगळं खाल्लं. माझ्या गोष्टीला आता टाचणी लावायला कुणी नव्हतं. त्यामुळे निवडुंग हळूहळू बोलायला लागला, मग इंग्रजी बोलायला लागला. पण चार माणसांत बसून जेवत होतो. वजन वाढलं. वाटलं, निघतील उरलेली वर्षं.

अडचण एकच होती. मंडळात दोन गट होते, आतले आणि बाहेरचे. गणपतीत ढोल-ताशा हॉलच्या आत वाजवायचा की बाहेर पार्किंग लॉटमध्ये, यावरून कधीकाळी वाद झाला होता. तो वाद असा भिनला, की आतल्यांच्या मुलीचं बाहेरच्यांच्या मुलाशी जमलं तर लग्न लॉस एंजेलिसला करावं लागायचं. आतल्यांचे प्रमुख एक निवृत्त हृदयशल्यविशारद. अख्ख्या खाडीकाठच्या मराठी छात्या त्यांनी उघडून पाहिल्या होत्या आणि त्यात काही सापडलं नाही असं ते म्हणत. बाहेरच्यांच्या प्रमुख एक वहिनी, घरं विकणाऱ्या. त्यांनी पाहिलं की आपलं घर लहान आहे असं वाटायला लागायचं. दोन्ही गट तुल्यबळ, म्हणून अध्यक्षच निवडला जात नव्हता. मी दोन्हीकडे जेवत होतो आणि ढोलाचा विषय निघाला की पाणी पीत होतो.

त्या वसंतातल्या सभेत पुन्हा तेच चाललं होतं. तेवढ्यात मागून डॉक्टरांची मुलगी उठली. जन्म इथलाच. कॉलेजात इटलीतल्या जुन्या शहरांचा इतिहास शिकवते.

"तुम्ही सगळे ना, एक्झॅक्टली सिएनाच्या लोकांसारखे आहात," ती म्हणाली.

"म्हणजे चांगलं की वाईट?" वहिनींनी विचारलं.

"व्यापारात एवढे हुशार लोक, काकू! लोकर विणून, मिरी विकून, राजांना कर्ज देऊन श्रीमंत झालेले. फ्लॉरेन्स, बोलोन्या, सगळीकडे तेच. पण गावाचा कारभार बघायचा म्हटलं की घराण्याघराण्यांत मारामाऱ्या. प्रत्येकानं आपला उंच मनोरा बांधायचा आणि वरून शेजाऱ्यावर दगड टाकायचे. मग कंटाळून त्यांनी परगावचा माणूस आणला. पोदेस्ता. एका वर्षासाठी, कॉन्ट्रॅक्टवर. तो सगळ्यांवर राज्य करणार, कारण तो कुणाचाच नाही."

ती टोमणा मारत होती. पण आमच्या लोकांना टोमणा कळेपर्यंत ठराव मांडून होतो. वहिनी म्हणाल्या, "आणि त्यानं एका बाजूची तळी उचलली तर?"

"म्हणून रूल्स होते ना. त्यानं गावातल्या कुणाच्याही घरी जेवायचं नाही. गावकऱ्यांबरोबर घोटभर वाईनसुद्धा नाही. कारण एकदा का कुणाकडे जेवला, की मग तो..." ती मराठी शब्द शोधायला लागली.

"खाल्ल्या मिठाला जागतो," डॉक्टर म्हणाले.

आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही गटांच्या माना एकदम हलल्या. इटलीचा इतिहास त्यांना कळला नव्हता, मीठ कळलं होतं. मग त्याच माना सावकाश माझ्याकडे वळल्या. चँडलरहून आलेला, कुणाच्या नात्यातला नाही, मुलगा मंडळाकडे फिरकत नाही. मी मनातल्या मनात घोड्यावर बसलो. खऱ्या पोदेस्ताला घोडे, कारकून, हवालदार आणि राहायला वाडा मिळायचा, असं ती पोरगी सांगत होती. मला गळ्यात अडकवायचा एक बिल्ला मिळाला.

जेवणाचा नियम मला विनोद वाटला होता. पहिल्या शनिवारी फोन वाजला नाही. मी तो रीस्टार्ट करून पाहिला. दुसऱ्या शनिवारी मी स्वतःच एका घरी सहज टपकलो. दारात काकूंनी हात जोडले, "अध्यक्ष, आत कसं बोलवू? पोहे टाकलेत हो!" आतून फोडणीचा वास येत होता. त्या वासासमोर मी दाराबाहेर उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि परत आलो. स्वतःसाठी केलेला नियम मराठी माणूस वर्षानुवर्षं मोडत राहतो. दुसऱ्यासाठी केलेला मात्र प्राणापलीकडे जपतो.

कार्यक्रमांत तर आणखी बहार. घरच्या हातचं काहीही मला वर्ज्य ठरलं, म्हणून माझ्यासाठी हॉटेलातून डबा यायचा. घोळक्यात बसलो तर कुणीतरी पानात काही टाकेल, म्हणून स्टेजवर वेगळं टेबल. दोनशे माणसं खाली मजेत जेवताहेत आणि मी वर, दिव्याखाली, एकटा पनीर चघळतोय. लहान मुलं बोट दाखवून विचारायची, "व्हॉट डिड ही डू?"

सोडून का नाही दिलं? विचारलं होतं त्या पोरीला. ती म्हणाली, "काका, पोदेस्ता मध्येच पळाला तर गावात पुन्हा दगडफेक. आणि नंतर त्याला कुठलंच गाव उभं करत नाही." मी हिशोब केला, वर्षच तर आहे. नीट पार पडलं की दोन्ही गटांची घरं मला पुन्हा उघडी. बिघडलं तर एकही नाही. म्हाताऱ्या माणसाला आणखी कुठे जायचं असतं?

तेव्हा मी कारभार केला. पार्किंग लॉटमधल्या ढोलांमुळे शेजारच्या वसाहतीतले लोक दरवर्षी पोलीस बोलावत, म्हणून ढोल आत, असा निकाल दिला. आत काचा फुटल्या. (फुटल्या नाहीत, थरथरल्या.) आतल्यांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. बाहेरचे गप्प बसले. ते गप्प बसणं मला आवडलं नव्हतं.

डॉक्टरांच्या बायकोबद्दल सांगायला हवं. बारीक, हळू आवाजाची बाई. नियमाआधी त्यांच्याकडे मी किती जेवलोय! त्या वाढताना विचारायच्या नाहीत, ताटाकडे बघायच्या आणि वाढायच्या. संक्रांतीला त्या स्टेजवर आल्या आणि तिळगुळाची वडी माझ्यापुढे धरली. खालून वहिनींचा आवाज आला, "घरची आहे ती!"

"एका वडीनं काय होतंय?"

"होतं. मिठापेक्षा गूळ वाईट."

लोक हसले. त्यांनी हात मागे घेतला, वडी डब्यात ठेवली आणि मला म्हणाल्या, "नुसतं गोड बोला मग. तेवढं तरी चालतं ना?"

त्यानंतर महिन्याभरात त्या झोपेतच गेल्या. हृदयच. ज्या घरात अख्ख्या खाडीकाठाची हृदयं दुरुस्त झाली, त्या घरात.

अध्यक्ष म्हणून मी गेलो. फ्यूनरल होममध्ये दोन्ही गट आले, दोन रांगांत बसले. डॉक्टरांनी दाहिनीचं बटण दाबलं. मग सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले, कारण तो कामाचा वार होता. जाताना जो तो म्हणत होता, "काही लागलं तर सांगा." लागणाऱ्या माणसाला सांगता येत असतं तर काय हवं होतं!

आमच्याकडे त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. शेजारचे पिठलं-भात आणतात, आणि आणून ठेवून जात नाहीत, बरोबर बसतात. ज्याचं माणूस गेलं त्याला पहिला घास एकट्यानं घ्यायला लावायचा नाही. कडू घास म्हणतात त्याला. चँडलरला मला तो कुणी दिला? पलीकडच्या तेलुगू बाईंनी. त्यांना आमचं हे नावही ठाऊक नव्हतं. वरण-भात घेऊन आल्या, समोर बसल्या, स्वतः एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तो घास घेतला नसता तर मी त्या खुर्चीवरून उठलोच नसतो, यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही.

म्हणून मी घरी येऊन पिठलं केलं. गुठळ्या झाल्या. भात लावला, दोन्ही पातेली टॉवेलात बांधली आणि डॉक्टरांकडे गेलो. मुलगी वर फोनवर भारतातल्या नातेवाइकांना कळवत होती. तिला हा प्रकार माहीत असायचं कारण नव्हतं. डॉक्टर जेवणाच्या टेबलाशी बसले होते, अंगात अजून कोट. टेबलावर कुणी पाठवलेले फॉइलचे बंद ट्रे रचलेले. शिंपी माप घेतो तसे ते दोन्ही हातांनी टेबलाची कड चाचपत होते.

मी पान वाढलं. ते म्हणाले, "नको."

"एक घास."

"तुम्ही घेणार?"

नियम त्यांनाही आठवला, मलाही. मी दुसरं ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. ती त्यांच्या बायकोची खुर्ची होती, हे बसल्यावर माझ्या लक्षात आलं.  मी घास घेतला. मग त्यांनी घेतला. चावता चावता ते रडायला लागले, तोंड न उघडता, आणि तरी चावत राहिले.

आणि मी काय केलं? जेवलो. कित्येक महिन्यांनी माणसाच्या शेजारी बसून जेवत होतो. माझा हात थांबेना. परत भात घेतला. मग पुन्हा घेतला. त्या घरातल्या बाईची राख अजून गरम होती आणि मी लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा जेवत होतो. डॉक्टरांनी पातेलं माझ्याकडे सरकवलं, ताटाकडे बघत, न विचारता. अगदी त्या वाढायच्या तसं.

वर्ष संपलं. पण खऱ्या पोदेस्ताला मुदत संपली तरी लगेच गाव सोडता येत नसे. त्याची चौकशी व्हायची, आणि कुणीही उठून त्याच्यावर तक्रार करू शकत असे. आमच्या लोकांना राज्यापेक्षा हा भाग जास्त आवडला होता. हॉल गच्च भरला. दोन्ही गटांतल्या ज्येष्ठांची समिती बसली. पोदेस्ता कुणाकडे जेवल्याचं सिद्ध झालं तर त्याचे सगळे निकाल रद्द आणि त्याचं नाव मंडळातून कायमचं कमी, असं ठरलेलंच होतं.

वहिनी उठल्या. "फ्यूनरलच्या दिवशी डॉक्टरांच्या दारात अध्यक्षांची गाडी दुपारभर उभी होती. मी समोरचं घर दाखवायला गेले होते. खिडकीतून ताटं दिसली. दोन."

 समितीनं डॉक्टरांना विचारलं. ते उभे राहिले. त्यांच्यामागे आतल्यांची अख्खी रांग होती आणि तिचा श्वास डॉक्टरांच्या पाठीवर पडत होता. मी दोषी ठरलो की ढोल पुन्हा बाहेर जाणार होता.

"माझ्या घरी त्या दिवशी कुणी जेवलं नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात माणूस गेलं होतं. जेवण कसलं?"

झालं होतं. मी गप्प बसलो असतो तर सुटलो होतो, सगळी घरं उघडी. पण त्या बाईच्या नावाचा कडू घास कुणी खाल्लाच नाही, असं भर सभेत ठरत होतं. मग ती गेली म्हणजे नुसतं बटण दाबलं गेलं, एवढंच उरलं. मी उठलो.

"जेवलो," मी म्हणालो. "पिठलं-भात. डॉक्टर आणि मी, शेजारी बसून."

इथं थांबायला हवं होतं. पण सभा दिसली की माझी जीभ माझी राहत नाही. समोर दोनशे चेहरे, सगळे माझ्याकडे, वर्षभरात पहिल्यांदा. मी म्हणालो, "असा जेवलो की पातेलं धुवायची गरज उरली नाही! इतकं साफ केलं, की त्यांचा कुत्रा येऊन हुंगून गेला आणि बिचारा उपाशी झोपला!"

मागून कुणीतरी फसकन हसलं. मग हॉलभर हसू पसरलं. बाहेरचे हसले, आतले हसले. माझ्या स्वयंपाकघरातून मला दुरुस्त करणारं कुणी नव्हतं.

डॉक्टर हसले नाहीत. ते समितीकडे बघत सावकाश म्हणाले, "आमच्याकडे कुत्रा नाही. कधीच नव्हता. यांना गोष्टी रचायची सवय आहे, सगळ्यांना ठाऊक आहे."

"अहो, कुत्र्याचं सोडा," मी म्हणालो, "जेवलो हे खरं आहे!"

"आणि निवडुंग बोलला तेही?" कुणीतरी ओरडलं. मग तर हसण्याला धरबंद राहिला नाही. एकटी डॉक्टरांची मुलगी हसत नव्हती. त्या दिवशी वरून खाली आल्यावर तिनं दोन ताटं धुतली होती. ती वडिलांकडे बघत होती. मग आपली पर्स उचलून बाहेर गेली. ती पुन्हा मंडळात आली नाही.

मी निर्दोष ठरलो. एकमतानं. ढोल आत राहिला.

लोकांना मला न बोलावायची सवय होऊन गेली होती. कुणाचा राग नव्हता, विसरलेच. भेटले की म्हणायचे, "अहो, आता यायला लागा!" पण कधी, ते कुणी म्हणायचं नाही. शेवटी उन्हाळ्यात एक फोन आला. डॉक्टरांचा.

"या एकदा जेवायला," ते म्हणाले.

"आज?"

"आज या."

मी जाऊ नये असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं, गाडी त्यांच्या दारात लावेपर्यंत. भुकेल्या माणसाला मान नसतो.

दार त्यांनीच उघडलं. घर स्वच्छ, टेबल रिकामं. हॉटेलातून जेवण मागवलं होतं. सगळ्या खुर्च्या एकसारख्या, नव्या. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात धुवायचे असतील तर बेसिन तिकडे आहे, उजवीकडे."

त्या बेसिनवर मी किती वेळा हात धुतले होते! मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ताटं मांडत होते.

"हो का," मी म्हणालो, आणि उजवीकडे गेलो.

परत येऊन मी विचारलं, "कुठं बसू?"

"कुठेही बसा," ते म्हणाले. मी त्यांच्या समोरच्या बाजूला बसलो. मध्ये टेबल होतं. जेवण चांगलं होतं, तसं मी दोनदा सांगितलंही. त्यांनी पहिल्यांदाच घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं मला विचारलं, तिखट चालतं का. मी म्हटलं, चालतं.